तेवीस परकी भांडी

"हा डबा कुणाचा?" द्वारकानं विचारलं.

बिटाची कोशिंबीर चमच्यात घेऊन मी तिच्या तोंडाशी धरली होती. वर खमंग फोडणी, दाण्याचं कूट. माझ्याच तोंडाला पाणी सुटलेलं.

"आधी खा. डब्याचं मागनं बघू."

"आधी सांगा."

"पिसाळकाकूंचा."

"मग ठेवा तिकडं. बाकीच्यांच्या रांगेत." एवढं बोलून तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

त्या रांगेतला तो तेविसावा नग होता. आमची खोली ती केवढी! एक कॉट, एक मोरी, एक स्टोव्ह. त्यात खिडकीखाली दुसऱ्यांची तेवीस भांडी मांडलेली. कडीचे डबे, पातेली, वाडगे, झाकणाच्या वाट्या, एक चरवी. बाहेरून कुणी डोकावलं असतं तर म्हणालं असतं, नाववाल्यानं घरातच दुकान थाटलं वाटतं.

नाववाला म्हणजे मी. कराडच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर माझं बस्तान असायचं. बसायला पोतं, पुढ्यात लाकडी खोकं आणि त्यावर नाव घालायचं मशीन. दुकानात कुणी भांडं घेतलं की ते माझ्याकडं यायचं आणि मी टर्र टर्र करत त्यावर नाव घालून द्यायचो. पैसे अक्षरागणिक. त्यामुळं माझ्या हातून अख्ख्या तालुक्याची नावं आखूड झाली. 'सौभाग्यवती'चं 'सौ.' झालं, मग 'सौ.'सुद्धा गेलं, नवऱ्याचं नाव एका अक्षरावर आलं. माझं स्वतःचं नाव अनंता, पण ते फार थोड्यांना ठाऊक. आणि गंमत म्हणजे या नाववाल्याच्या घरात नाव घातलेलं एकही भांडं नव्हतं.

मी कधी विषय काढला तर द्वारका म्हणायची, "आपली भांडी जात्यात कुठं? घर सोडून जाईल त्या भांड्याला नाव लागतं. आपली बसल्यात इथंच, तुमच्या-माझ्यासारखी."

ही गोष्ट घडली त्याला आता तीस वर्षं होत आली. त्या साली होळी झाली आणि द्वारका आजारी पडली. गर्भाशयात गाठ निघाली. कितीतरी महिने अंगावरून जात होतं आणि बाईनं तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा रक्त साडेसहा. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला रोखठोक.

"ऑपरेशन फुकट होईल," त्या म्हणाल्या. "मोठे सर्जन सहा आठवड्यांनी येणार आहेत. पण रक्त नऊच्या वर पाहिजे. त्याच्या खाली असलं तर मी यादीत नाव घेणार नाही. टेबलावरच काही झालं तर?"

"आणि न्हाई झालं नऊ तर?"

"तर सर्जन पुन्हा येतील सहा महिन्यांनी. बाईंना तेवढं थांबणं जमणार नाही, हे मी तुम्हाला आत्ताच सांगते."

जन्मभर लोकांची नावं घातली मी. पण त्या एका यादीत एक नाव घालणं माझ्या हातात नव्हतं. रक्त वाढायच्या गोळ्या मिळाल्या, त्याही भरल्या पोटी घ्यायच्या. रिकाम्या पोटी घेतल्या की द्वारकाला उलटी. म्हणजे फिरून फिरून गाडी खाण्यापाशीच यायची.

खाण्याची काळजी आमच्या रंगार गल्लीनं पहिल्याच दिवशी उचलली. गल्ली काही शेटसावकारांची नव्हती. पिसाळकाकू लोकांच्या घरी भाकऱ्या बडवायच्या. शमाभाभीचे मालक हातगाडीवर केळी विकायचे. जंगमबाई बालवाडीत शिकवायच्या, त्यांचा पगार कधी व्हायचा हे त्यांनाच माहीत नसायचं. पण 'द्वारकाच्या अंगात लोखंड कमी आहे' हे कळलं मात्र, आणि दारात भांड्यांची रांग लागली. पालक, चवळी, खजूर, अळिवाची खीर, नाचणीचं सत्त्व, गूळ-शेंगदाण्याचे लाडू. जंगमबाई सगळं लोखंडी कढईत शिजवून आणायच्या. त्यांची बटाट्याची भाजीसुद्धा काळीकुट्ट असायची.

आणि द्वारका त्यातला घासही खायची नाही.

आलेलं भांडं रिकामं परत देऊ नये, हे आपल्याकडं सगळ्यांनाच माहीत असतं. पण द्वारकानं ते आईच्या दुधाबरोबर पिऊन घेतलं होतं. "भरून द्यायची ऐपत न्हाई, तर दुसऱ्याचं खायचं कशाला?" हा तिचा कायदा. आजारपणात माझं दुकानावर बसणं अर्ध्यावर आलेलं, डब्यात डाळ-तांदूळ जेमतेम. तेवीस भांड्यांत घालणार काय? मग भांडीही परत जायची नाहीत आणि अन्नही तिच्या पोटात जायचं नाही.

अन्न टाकायचं पाप कोण करणार? मी खायचो. बायको वाळत होती आणि मी फुगत होतो. शर्टाची बटणं लागेनात. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. सहा पॉइंट दोन. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, द्वारकाकडं बघितलं, मग माझ्या पोटाकडं बघितलं.

"घरात जेवतंय कोण?" त्यांनी विचारलं.

मी शर्ट खाली ओढला. रिक्षातून घरी येताना द्वारका माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती आणि त्या डोक्याला वजनच नव्हतं. मला इतकी भीती जन्मात कधी वाटली नव्हती. त्याच दिवशी दुपारी ती बिटाची कोशिंबीर आली.

"मर मग!" मी ओरडलो आणि चमचा डब्यात आपटला. असं मी तिला कधी बोललो नव्हतो. "तुझ्या आईचा कायदा उराशी धर आणि मर!"

ती भिंतीकडंच तोंड करून म्हणाली, "माझ्याकडं काय हाय वो द्यायला? तुमीच सांगा. काय हाय आपल्याकडं?"

मी उत्तरासाठी खोलीभर बघितलं. स्टोव्ह, मोरी, दोरीवरचं लुगडं. आणि कोपऱ्यात माझं लाकडी खोकं.

"द्वारका," मी म्हणालो, "भांडं जसं आलं तसं परत द्यायचं न्हाई, एवढंच ना? त्याच्याबरोबर काहीतरी जास्तीचं गेलं पाहिजे?"

"व्हय."

"मग नाव घालून देतो."

तिनं पांघरूण खांद्यावरून खाली सारलं.

"पूर्ण नाव," मी म्हणालो. "'श्रीमती'सकट. बापाच्या, नवऱ्याच्या नावासकट. भोवती वेलबुट्टी. अक्षराचा हिशेब न्हाई. अशी नावं आमदाराच्या लग्नातल्या भांड्यांवर बी घातली नसतील मी."

भिंतीकडं केलेलं तोंड हळूहळू माझ्याकडं वळलं. आधी तिचा ओठ हलला, मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. पण ती हसत होती! महिन्याभरात पहिल्यांदा.

"काकूंच्या डब्यावर वेलबुट्टी?"

"मोर बी काढतो."

"मोर नको. मोराला बघून काकू हवेत जातील." मग तिनं डोळे पुसले आणि सौदा ठरवला. "एक नाव, एक वाटी. आधी नाव, मग घास."

मी खोकं ओढलं, मशीनची पिन भिंतीत खोचली आणि बसलो मांडी घालून. टर्र्र सुरू झालं. ती कॉटवरून सांगत होती आणि मी घालत होतो.

"हे पातेलं?"

"शमाभाभी. शुक्रवारी. पालकाची भाजी, वर लसूण."

"हा वाडगा?"

"जंगमबाई. काळी चवळी."

एक घासही न खाल्लेल्या बाईला प्रत्येक भांड्यातलं अन्न फोडणीसकट पाठ होतं! पण हात थांबवला नाही. 'श्रीमती यशोदा ज्ञानदेव पिसाळ' असं काकूंच्या डब्यावर घातलं, भोवती चाफ्याची फुलं काढली आणि डबा तिच्यापुढं धरला. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. मग चमचा माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच्या हातानं बीट खाल्लं. सगळं. वर गोळी घेतली, आणि ती पोटात राहिली.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळं झालं. आमच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाईक भांडं पुढं करेल त्यावर ते सांगेल ते नाव घालायचं. भांडं तुमचंच का, हे विचारायचं नाही. विचारलं म्हणजे चोरीचा आळ घेतल्यासारखं होतं. वीस वर्षं मी तसंच केलं, त्या दिवशीही तसंच केलं. भांडं ज्यानं आणलं, नाव त्याचं.

तेवीसच्या तेवीस भांडी दोन दिवसांत घरोघर पोचवली. काय तो आनंद! पिसाळकाकूंनी डबा उन्हात धरला, चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला. "माझं एवढं नाव रेशनकार्डावर बी न्हाई रे अनंता," म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. शमाभाभीनं पातेलं शेजारणीला दाखवलं. जंगमबाईंनी वाडग्यावरची अक्षरं बघून मला "रेखीव" असा शेरा दिला. आणि सगळीकडून नवीन भांडी दुप्पट वेगानं आमच्याकडं यायला लागली. द्वारका जेवत होती. सकाळी एक वाटी, दुपारी एक, तिन्हीसांजेला एक. माझी बटणं पुन्हा लागायला लागली.

चौथ्या दिवशी मी दुपारी दुकानावरून घरी निघालो. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि पाय जागीच थांबले. आमच्या दारात पंचवीसेक चपलांचा ढीग. उंबऱ्यावर बायकांची गर्दी, पाठमोरी. आतून ओरडाआरडा.

दारात एवढ्या चपला कधी जमतात, हे कुणाला सांगायला लागत नाही. हातातली पिशवी पडली. "द्वारका!" असं ओरडत मी त्या गर्दीत घुसलो.

"एका वेळी एकीनं बोला!" आतून द्वारकाचा आवाज आला. खणखणीत.

द्वारका कॉटवर मांडी घालून बसली होती. पाठीला उशी, केस वर बांधलेले, मांडीवर वाटी आणि हातात चमचा. तिच्यासमोर पिसाळकाकू, शमाभाभी आणि जंगमबाई उभ्या. तिघींच्या हातात एकेक भांडं.

"आला बघा चोर!" पिसाळकाकू माझ्याकडं बोट करून म्हणाल्या.

"काय झालं?"

"अनंता, तू माझं नाव दुसरीच्या डब्यावर घातलंस!"

"काकू, डबा तुमीच दिलता की!"

"दिलता. पण माझा हाय असं कुठं म्हटलं?"

झालं होतं ते असं. काकू नव्या नावाचा डबा मिरवायला मुद्दाम नळावर घेऊन गेल्या. तिथं शमाभाभीनं झाकणावरचा पोचा ओळखला. तो पोचा तिच्या पोरानं, सलीमनं, चेंडू मारून पाडलेला. डबा भाभीचा! दोन वर्षांपूर्वी ईदेला ती त्यातून काकूंकडं शीरखुर्मा घेऊन गेली होती, तेव्हापासून तो काकूंकडंच.

"दोन वर्षं मी कायबी म्हटलं न्हाई," शमाभाभी म्हणाली. "पण आता त्याच्यावर चाफ्याची फुलं आणि काकूंचं नाव? जन्मभरासाठी?"

"आणि तुझं पातेलं गं?" काकूंनी पदर खोचला. "त्याच्यावर 'शमा दस्तगीर मुल्ला' झळकतंय, ते पातेलं कुणाचं? बोला की जंगमबाई!"

"माझं आहे," जंगमबाई चोरट्या आवाजात म्हणाल्या. "मी ओळखलं होतं. म्हटलं, जाऊ दे."

"जाऊ दे म्हणणारच! तुमच्या हातात वाडगा हाय तो कुणाचा?"

जंगमबाईंनी वाडगा पदराआड घेतला.

"माझा!" काकू गरजल्या. आणि दारातून आणखी चार आवाज उठले, कुणाची चरवी, कुणाची झाकणाची वाटी. गल्लीत एकही भांडं आपल्या घरी नव्हतं आणि मी त्या सगळ्या भानगडीवर फुलं-पानं काढून शिक्कामोर्तब केलं होतं.

मी कान धरले. "चुकलं माझं. पण घातलेलं नाव पुसता येत न्हाई हो. खरवडलं तर भांडं जाईल."

पुन्हा गलका सुरू झाला. द्वारकानं चमचा वाटीवर वाजवला. टिंग टिंग टिंग. कोर्टात हातोडा वाजावा तशा बायका गप्प झाल्या.

"काकू," तिनं विचारलं, "दोन वर्षं डबा परत का दिला न्हाई?"

"द्यायचाच हुता."

"मग?"

काकूंनी इकडं तिकडं बघितलं. बायकांनी दार अडवलेलं, पळायला वाट नाही. "तिचा शीरखुर्मा आलता," शेवटी त्या म्हणाल्या. "काजू, खारीक, चारोळी. त्या डब्यात मी घालू काय? भाकरीचा तुकडा? म्हटलं दिवाळीला लाडू करीन, लाडू घालून दीन. त्या दिवाळीला साखर आणायला जमलं न्हाई. पुढच्या दिवाळीला तूप न्हाई जमलं. मग एवढ्या उशिरा डबा द्यायची लाज वाटाय लागली. म्हटलं, द्वारकाला त्यातनं बीट तरी जाऊ दे. डब्याला तेवढंच पुण्य."

शमाभाभीचा राग कुठल्या कुठं गेला. "अगं बाई, काकू…"

"भाभी, तुमचं सांगा," द्वारका म्हणाली. "जंगमबाईंचं पातेलं?"

"त्यांनी संक्रांतीला पुरणपोळ्या दिलत्या," भाभी म्हणाली. "त्यांच्या घरात कांदा बी जपून खात्यात. आमच्या चुलीवरचं त्यांना चालंल का न्हाई, कुणाला विचारायचं? म्हटलं फळं घालून देऊ, चांगली, डाग नसलेली. पण गाडीवरची चांगली फळं विकायला लागत्यात ना. घरात येत्यात ती डागाळलेली. त्यांना डागाची केळी कशी द्यायची?"

"मला चालली असती हो," जंगमबाई म्हणाल्या. "डागाची केळीच गोड असतात."

"बाई, आता तुमचं. काकूंचा वाडगा."

जंगमबाई लाल झाल्या. "काकूंनी भरलं वांगं दिलं होतं. तसं वांगं मी जन्मात खाल्लं नाही. त्यांच्या वाडग्यात माझ्या हातचं काय घालू? माझा स्वयंपाक कसा असतो, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

सगळी गल्ली एकदम जमिनीकडं बघायला लागली. कारण ते खरंच होतं.

"द्वारकाला काळं चालतं म्हणून तिला तरी देता येतं," जंगमबाई म्हणाल्या. आणि तिथं मात्र शमाभाभीला हसू फुटलं. भाभीचं बघून काकूंना. मग जंगमबाई स्वतःच हसायला लागल्या, मग दारातल्या. एकेक जण आपापली सांगायला लागली. कुणी चार महिने चकल्या कुरकुरीत व्हायची वाट बघत होती, कुणी गावाकडचा तांदूळ यायची. प्रत्येकीच्या घरी कुणाचं तरी भांडं होतं आणि प्रत्येकीला ते भरून द्यायचं होतं. भरण्याजोगं काही जमत नव्हतं एवढंच.

द्वारका सगळ्यांची तोंडं बघत होती. हसून हसून तिला ठसका लागला. मी पाणी दिलं. "अहो," ती मला म्हणाली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, "मला वाटायचं, या गल्लीत न देणारी मी एकटीच हाय! ह्या तर सगळ्या माझ्याच जातीच्या!"

मग ती पुन्हा न्यायाधीश झाली. चमचा उगारला.

"निकाल ऐका. ज्याचं भांडं त्यानं घरी न्यायचं. नाव कुणाचं बी असू दे. भाभीच्या डब्यावर काकूंचं नाव राहील, बाईंच्या पातेल्यावर भाभीचं. डबा उघडताना शेजारीण आठवली तर काय कुणाचं नुकसान हाय?"

"न्हाई," बायका म्हणाल्या.

"दुसरं. आजपासनं या गल्लीत भांडं रिकामं परत द्यायचं. धुवायचं, पुसायचं, दुसऱ्या दिवशी द्यायचं. रिकामं."

काकूंनी तोंडावर हात घेतला. "रिकामं? द्वारके, अपशकुन गं!"

"काकू, भरायची वाट बघत डबा दोन वर्षं तुमच्याकडं बसला. रिकामा दिला असता तर भाभीनं त्यात आणि चारदा शीरखुर्मा आणला असता का न्हाई?"

काकूंनी विचार केला. शीरखुर्मा त्यांना फार आवडायचा. "चारदा न्हाई," त्या नाइलाजानं म्हणाल्या, "दोनदा तरी."

"मग झालं तर."

बायका हसत, भांडी अदलाबदल करत निघाल्या. उंबऱ्यावर अर्धा तास चपलांचा आणि पातेल्यांचा गोंधळ चालला. सगळ्या गेल्यावर मी द्वारकाच्या मांडीवरची वाटी उचलली. सकाळी जंगमबाईंनी दिली तेव्हा ती काळ्या चवळीनं काठोकाठ भरलेली होती. न्यायनिवाडा करता करता द्वारकानं ती चवळी कधी संपवली, तिलाही कळलं नव्हतं. वाटी चाटूनपुसून स्वच्छ. मला हसावं का रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

आमच्या गल्लीत आजही नवी सून आली की भांडी घासताना गोंधळते. सासू जंगम आणि पातेल्यावर मुल्ला कसं, म्हणून विचारते. मग तिला ही गोष्ट सांगतात.

सहा आठवडे झाले. डॉक्टरीणबाईंनी कागद हातात घेतला आणि चष्मा वर केला. "नऊ पॉइंट एक. हे कसं केलंत? काय खाल्लं?"

"अख्खी गल्ली खाल्ली," द्वारका म्हणाली.

यादीत नाव गेलं. ऑपरेशन झालं. गाठ निघाली, लिंबाएवढी म्हणाले, आणि साधी निघाली. दवाखान्यात दहा दिवस डबा आला, एक दिवस चुकला नाही. रोज रात्री मी तो धुऊन रिकामा परत पाठवायचो आणि रोज सकाळी तो भरून यायचा. द्वारकाचा कायदा चोख चालला होता.

आषाढात ती उठून स्टोव्हपुढं बसली. पहिल्या दिवशी काय करावं? हुलग्याची शेंगोळी. हुलगे स्वस्त, लसूण घरात होता. झणझणीत वास गल्लीभर गेला. ती फळीवरून डबा काढून माझ्यापुढं घेऊन आली, तिच्या आईनं दिलेला, कोरा.

"नाव घाला."

"कुणाचं?"

"माझं. आता हा घराबाहेर जाणार हाय."

मी खोकं ओढलं. "पूर्ण घालतो. सौभाग्यवती द्वारका अनंत…"

"नुसतं द्वारका घाला. गरम हाय तवर पोचलं पाहिजे."

मी मशीन टेकवलं. ती एवढी वाकून बघत होती आणि तिच्या तोंडावर एवढा आनंद होता की मलाच हसू आवरेना, आणि हसता हसता हात हलला. 'द्वा' चांगला तिरका गेला.

"लोकांची सरळ आणि बायकोचं वाकडं!" ती म्हणाली आणि डबा भरून स्वतः चालत पिसाळकाकूंकडं देऊन आली. त्या दिवशी ती चार वेळा दारात जाऊन गल्लीच्या टोकाला बघून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आल्या. डबा दोन्ही हातांत धरलेला, तोंड दुसरीकडं वळवलेलं.

"घे बाई," त्या म्हणाल्या. "रिकामा. साठ वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या दारात रिकामं भांडं घेऊन आले."

द्वारकानं डबा घेतला. हलवला. आवाज नाही. कानाशी नेऊन टिचकी मारली. तिचं सगळं तोंड उजळलं. "अहो, बघा, रिकामा आला! आपला डबा रिकामा आला!" ती माझ्यापुढं डबा नाचवत म्हणाली. मग तिनं झाकण काढलं आणि आत बघून थांबली.

"काकू, तळाला हे काय?"

"कुठं? काय न्हाई."

"साखर हाय."

"धुताना राहिली असंल."

"शेंगोळ्यांत साखर?"

काकू एव्हाना पायरी उतरून चार पावलं गेल्या होत्या. "तू घातली असशील!" त्या मागं न बघता ओरडल्या. "तुझा हात काय सुधारला न्हाई अजून!"

द्वारकानं बोट ओलं केलं, तळाचे ते चार दाणे टिपले, दोन माझ्या जिभेवर ठेवले, दोन स्वतःच्या, आणि डबा पुन्हा भरायला आत घेऊन गेली.